विदर्भाचा २०१७-१८ चा रणजी हंगाम : वऱ्हाडच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

इंदूर येथील होळकर स्टेडियमवर १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाच्या क्रिकेट संघाने दिल्लीचा ९ गडी राखून पराभव केला आणि रणजी करंडक प्रथमच विदर्भात आला. १९५७-५८ मध्ये या स्पर्धेत उतरलेल्या संघाचा हा ६१ वा हंगाम होता. तोपर्यंत हा संघ अंतिम सामन्यात तर नाहीच, पण उपांत्य सामन्यातही कधी पोहोचलेला नव्हता. त्यामुळे या विजयाचे वर्णन त्या वेळी अनेकांनी 'चमत्कार' या एका शब्दात करून टाकले. हा शब्द सोयीचा असला तरी तो कशाचेच स्पष्टीकरण देत नाही. एखादा संघ एका हंगामात नेमका कसा बदलतो, त्या बदलाची तयारी किती वर्षे आधी सुरू झालेली असते आणि 'विदर्भ' या नावाखाली खेळणाऱ्या या संघात अमरावती-अकोल्याचा, म्हणजे वऱ्हाडचा, वाटा किती होता, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'हंगाम' हा शब्द वऱ्हाडात मुळात शेतीचा आहे. रणजी स्पर्धेचे दिवस आणि कापूस वेचणीचे दिवस एकच. २०१७ चा तो हंगाम वऱ्हाडच्या शेतकऱ्याला चांगला गेला नाही. गुलाबी बोंडअळीने हाती आलेला कापूस नासवला आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बोंडअळीचे पंचनामे आणि शेवटच्या पानावर विदर्भाचे धावफलक, असे ते तीन महिने होते. क्रिकेटच्या विजयाने त्या दुःखाचा भार हलका झाला असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु 'विदर्भ' हे नाव अनुशेष, आत्महत्या आणि दुष्काळ याखेरीज अन्य कारणाने देशभर उच्चारले गेले, ही गोष्ट त्या वर्षी लोकांना जाणवली, हेही तितकेच खरे.

विदर्भ नावाचा वेगळा संघ का?

महाराष्ट्र हे राज्य एक असले तरी रणजी स्पर्धेत त्याचे तीन संघ खेळतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. क्रिकेटशी संबंध नसलेल्या वाचकास हे विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. याचे कारण राजकीय इतिहासात आहे. वऱ्हाड आणि नागपूर हे दोन प्रदेश मूळचे एक नव्हेत. निजामाच्या राज्यातील वऱ्हाड ब्रिटिशांनी १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले आणि 'मध्य प्रांत व वऱ्हाड' अशी जोडनावाची राजवट अस्तित्वात आली. याच जोडनावाचा संघ रणजी स्पर्धेच्या आरंभीच्या काळात खेळत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठी भाषक आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी ते महाराष्ट्राचे भाग झाले. क्रिकेटच्या संघटना मात्र राज्यांच्या सीमांप्रमाणे विलीन झाल्या नाहीत. नागपूर येथे मुख्यालय असलेली विदर्भ क्रिकेट संघटना स्वतंत्र राहिली, १९५७-५८ मध्ये तिचा संघ मध्य विभागातून रणजी खेळू लागला आणि आज अकरा जिल्ह्यांत विभागलेला सारा प्रदेश तिच्या कक्षेत येतो. वेगळ्या विदर्भ राज्याची मागणी दशकानुदशके सभा-परिषदांतून होत राहिली. ते राज्य प्रत्यक्षात कोठे आले असेल तर ते रणजी स्पर्धेच्या गुणतक्त्यात, असे विनोदाने म्हटले जाते ते खोटे नाही.

मध्य विभागात राहिल्यामुळे विदर्भाची गाठ वर्षानुवर्षे रेल्वे, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश या संघांशी पडत असे. मुंबईच्या क्रिकेटला लाभलेले कार्यालयीन संघ, क्लब आणि मैदाने यांचे जाळे विदर्भात नव्हते. नागपुरात जन्मलेले आणि पुढे भारताचे पहिले कसोटी कर्णधार झालेले सी. के. नायडू यांनीही आपली कारकीर्द घडवली ती इंदुरात, होळकरांच्या आश्रयाने. घरचा गुणी खेळाडू बाहेर जाऊन मोठा होतो ही विदर्भाची जुनीच कहाणी. त्याच होळकरांच्या नावाच्या मैदानावर विदर्भाने पहिला करंडक जिंकावा, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

विजयापूर्वीची तयारी

२०१७ चा संघ आकाशातून पडला नव्हता. नागपूरजवळ जामठा येथील नवे स्टेडियम २००८ मध्ये सुरू झाले. भव्य स्टेडियमने संघ घडत नाही, हे खरे. परंतु त्यासोबत संघटनेने निवासी अकादमी, वयोगटांचे प्रशिक्षण आणि गोलंदाजांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन यांवर खर्च करण्यास सुरुवात केली, आणि दहा वर्षांनी जे फळ मिळाले ते प्रामुख्याने या खर्चाचे होते. खापरखेड्याच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला उमेश यादव भारतासाठी कसोटी खेळू लागला, तेव्हा वेगवान गोलंदाज विदर्भातही निपजू शकतो याचा पुरावा लहान गावांतील मुलांना मिळाला. २०१४-१५ आणि २०१५-१६ या दोन्ही हंगामांत विदर्भाने उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. 'चमत्कार' म्हणणाऱ्यांना या दोन हंगामांचा विसर पडतो.

दुसरी बाब बाहेरून आलेल्या खेळाडूंची. देशांतर्गत क्रिकेटमध्ये एका राज्याचा खेळाडू दुसऱ्या राज्याकडून व्यावसायिक म्हणून खेळू शकतो. अशा खेळाडूस आपल्याकडे 'पाहुणा खेळाडू' म्हणतात. पाहुणे बहुधा दोन प्रकारचे असतात : मानधन घेऊन जाणारे आणि घरात काही ठेवून जाणारे. कर्नाटकातून आलेला गणेश सतीश आणि मुंबईचा वसीम जाफर हे दुसऱ्या प्रकारचे होते. जाफरने मुंबईकडून आठ वेळा रणजी करंडक जिंकला होता. जिंकणे ही सवय असते आणि ती ड्रेसिंग रूममध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे त्याच्या उपस्थितीने सिद्ध झाले.

तिसरी आणि कदाचित सर्वांत निर्णायक बाब म्हणजे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. मुंबईला तीन वेळा विजेतेपद मिळवून दिलेले पंडित २०१७ मध्ये विदर्भाकडे आले. त्यांची शिस्त कठोर म्हणून प्रसिद्ध आहे. सरावाची वेळ, पोशाख, मैदानाबाहेरील वर्तन यांपैकी काहीच त्यांच्या दृष्टीने किरकोळ नसते. महाविद्यालयात वर्गावर वेळेवर जाणाऱ्या प्राध्यापकास यात नवल वाटणार नाही. परंतु 'आपण हरणारच' हे गृहीत धरून मैदानात उतरणाऱ्या संघाला सर्वप्रथम ते गृहीतक सोडायला लावावे लागते, आणि ते काम भाषणांनी होत नाही, दिनक्रमाने होते. कर्णधार फैज फझल हा नागपूरचाच. २०१६ मध्ये भारतासाठी एकमेव एकदिवसीय सामना खेळून त्यात नाबाद ५५ धावा करूनही पुन्हा न निवडला गेलेला. अशा माणसाकडे राज्याच्या संघासाठी देण्यासारखे बरेच असते.

साखळी फेरी

त्या वर्षी २८ संघांचे सात-सातचे चार गट होते आणि प्रत्येक गटातील पहिले दोन संघ बाद फेरीत जाणार होते. रणजी सामना साखळीत चार दिवसांचा असतो. तो निकाली ठरला तर विजेत्यास ६ गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास आणखी १ गुण. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्यास ३ आणि पिछाडीवरील संघास १. या पद्धतीमुळे 'पहिला डाव' हा रणजी क्रिकेटचा कणा बनतो. अनिर्णित सामना हा कंटाळवाणा सामना, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती या गुणपद्धतीच्या अज्ञानातून आलेली आहे.

'ड' गटात विदर्भासमोर पंजाब, बंगाल, छत्तीसगड, हिमाचल प्रदेश, गोवा आणि सेनादल हे संघ होते. सहापैकी चार सामने जिंकून, दोन अनिर्णित राखून विदर्भाने ३१ गुणांसह गटात पहिले स्थान मिळवले. बंगालला तर त्यांच्याच कल्याणी येथील मैदानावर दहा गडी राखून हरवले. या फेरीचा पाया फझल आणि संजय रामास्वामी या सलामीच्या जोडीने घातला. दोघांनी मोठ्या भागीदाऱ्या केल्या, दिवसभर खेळपट्टीवर उभे राहिले आणि मागच्यांचे काम सोपे केले. हंगामाअखेर फझलच्या नावावर ९१२ धावा होत्या. त्याहून अधिक धावा त्या वर्षी फक्त कर्नाटकच्या मयंक अग्रवालने केल्या.

सुरत आणि कोलकाता

उपांत्यपूर्व सामना सुरत येथे केरळविरुद्ध झाला. पहिल्या डावात २४६ धावाच झाल्या, तरी रजनीश गुरबानीने ३८ धावांत ५ गडी टिपून केरळला १७६ वर रोखले. दुसऱ्या डावात फझल आणि अपूर्व वानखडे यांच्या शतकांच्या बळावर विदर्भाने ९ बाद ५०७ धावा केल्या, आदित्य सरवटेने ४१ धावांत ६ गडी बाद केले आणि केरळचा ४१२ धावांनी पराभव झाला. या सामन्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. तो विदर्भाने जिंकणे तोवर अपेक्षितच झाले होते.

खरी परीक्षा कोलकात्यात होती. १७ ते २१ डिसेंबर २०१७ या काळात ईडन गार्डन्सवर झालेला कर्नाटकविरुद्धचा उपांत्य सामना हा या हंगामाचा गाभा आहे, आणि ज्यांना हा संपूर्ण हंगाम समजून घ्यायचा नसेल त्यांनी निदान हा एक सामना समजून घ्यावा.

पहिल्या दिवशी विदर्भाचा डाव १८५ धावांत आटोपला. उत्तरादाखल कर्नाटकने ३०१ धावा केल्या आणि त्यात एकट्या करुण नायरच्या १५३ होत्या. गुरबानीने ५ आणि उमेश यादवने ४ गडी बाद करूनही विदर्भ ११६ धावांनी पिछाडीवर पडला. येथे बाद फेरीचा नियम ध्यानात घ्यावा लागतो. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर निर्णय होतो. म्हणजे यापुढे कर्नाटकला केवळ वेळ काढायचा होता, विदर्भाला मात्र सामना जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते. यापूर्वीचा विदर्भ अशा अवस्थेत 'सन्मानजनक पराभव' या शब्दावर समाधान मानत असे.

दुसऱ्या डावात ३१३ धावा झाल्या. त्यात सर्वाधिक ८१ धावा गणेश सतीशच्या, म्हणजे ज्या राज्याने त्याला घडवले त्याच राज्याविरुद्ध केलेल्या. सरवटेने ५५ धावांची भर घातली. कर्नाटकसमोर १९८ धावांचे लक्ष्य ठेवले गेले. चौथ्या दिवसअखेर त्यांची अवस्था ७ बाद १११ अशी होती. विजयासाठी ८७ धावा हव्या आणि तीन गडी शिल्लक. कागदावर सामना विदर्भाकडे झुकलेला होता, परंतु अखेरच्या सकाळी कर्णधार विनय कुमार, श्रेयस गोपाल आणि अभिमन्यू मिथुन यांनी तो पुन्हा कर्नाटकच्या बाजूला ओढून नेला. धावा एकेक करून कमी होत गेल्या. तळाच्या फलंदाजांसमोर क्षेत्ररक्षण पांगवावे की जवळ आणावे, हा कर्णधाराचा पेच अशा वेळी सर्वाधिक कठीण असतो, कारण दोन्ही उत्तरे पुढच्या चेंडूला चुकीची ठरू शकतात.

गुरबानी हा स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर. त्याच्या गोलंदाजीत भीती वाटावी असा वेग नाही. त्याची ताकद चेंडू उशिरा बाहेर वळवण्यात आणि पुन्हा पुन्हा त्याच टप्प्यावर टाकण्यात. त्या सकाळी राहिलेले तीनही गडी त्यानेच बाद केले. कर्नाटकचा डाव १९२ धावांवर संपला. विदर्भ ५ धावांनी जिंकला. गुरबानीचे आकडे दुसऱ्या डावात ६८ धावांत ७ आणि सामन्यात १६२ धावांत १२ बळी असे होते. एक चौकार अधिक गेला असता आणि त्यापाठोपाठ दोन धावा निघाल्या असत्या, तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. यशाचे विश्लेषण करताना प्रशिक्षण, संघटन, शिस्त ही सगळी कारणे मांडावीत आणि ती खरीही असतात. पण त्यांच्या जोडीला पाच धावांचे हे अंतरही लिहून ठेवले पाहिजे.

इंदूर येथील अंतिम सामना

अंतिम सामन्यापूर्वी उमेश यादव भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला. संघातील सर्वांत अनुभवी वेगवान गोलंदाजाची जागा रिकामी झाली. ती जागा मिळाली अकोल्याच्या १९ वर्षांच्या आदित्य ठाकरे या वेगवान गोलंदाजास. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील हा त्याचा पहिलाच सामना होता. (एका राजकीय नेत्याशी असलेल्या नामसाधर्म्यामुळे त्या दिवशी अनेकांची गंमतीदार फसगत झाली.) बहुतेक खेळाडूंच्या नशिबी पहिला सामना एखाद्या रिकाम्या मैदानावर, साखळीतील बिनमहत्त्वाच्या लढतीत येतो. या मुलाच्या वाट्याला थेट रणजीचा अंतिम सामना आला, समोर गौतम गंभीर, ऋषभ पंत यांची दिल्ली. आपल्या पहिल्याच षटकात त्याने सलामीच्या कुणाल चंडेलाला शून्यावर बाद केले.

दिल्लीने ध्रुव शोरेच्या १४५ धावांच्या आधारे २९५ धावा केल्या. या डावाचा शेवट गुरबानीने केला. विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांचे लागोपाठ त्रिफळे उडाले, षटक संपले आणि गुरबानीच्या पुढील षटकाच्या पहिल्या चेंडूवर शोरेचाही त्रिफळा उडाला. रणजीच्या अंतिम सामन्यातील ही केवळ दुसरी हॅट्ट्रिक. पहिली १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरम यांनी मुंबईविरुद्ध साधली होती. गुरबानीने ५९ धावांत ६ बळी घेतले. त्या हंगामात ६ सामन्यांत त्याचे ३९ बळी झाले.

विदर्भाच्या फलंदाजीत मोठी नावे होती ती फझल आणि जाफर यांची. त्यांनी अनुक्रमे ६७ आणि ७८ धावा केल्या. पण सामना दिल्लीच्या हातातून निसटला तो त्यांच्यानंतर. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने आपले पहिले प्रथम श्रेणी शतक याच सामन्यात केले, १३३ धावांचे. सरवटेने ७९ आणि गोलंदाज म्हणून संघात असलेल्या सिद्धेश नेरळने ७४ धावा केल्या. विदर्भाचा डाव ५४७ पर्यंत गेला आणि आघाडी २५२ धावांची झाली. तळाच्या फलंदाजांकडून आलेल्या या धावा हे चांगल्या सरावाचे सर्वांत विश्वसनीय लक्षण होय. मोठा फलंदाज निसर्गदत्त असू शकतो, पण नवव्या क्रमांकावरील गोलंदाज ७४ धावा करतो तेव्हा नेटमध्ये त्याच्याकडून कुणीतरी तास न् तास फलंदाजी करून घेतलेली असते.

दिल्लीच्या दुसऱ्या डावातील २८० धावांत अक्षय वखरेने ४ आणि सरवटेने ३ गडी बाद केले. जिंकण्यासाठी २९ धावा हव्या होत्या. १ बाद ३२ वर सामना संपला, पाचव्या दिवसाची गरजही पडली नाही. जाफरचे हे नववे रणजी विजेतेपद, विदर्भाचे पहिले.

वऱ्हाडचा वाटा

'विदर्भ' म्हणजे नागपूर, ही वऱ्हाडातील जुनी तक्रार क्रिकेटपुरती कितपत खरी आहे? विजेत्या संघाचे मूळ पाहिले तर ती बरीचशी खरी वाटते. कर्णधार, यष्टिरक्षक, प्रमुख गोलंदाज यांची जडणघडण नागपुरातील. त्यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. खेळाचे भूगोल असते. नागपूरपासून अमरावती सुमारे १५० आणि अकोला सुमारे २५० किलोमीटर. अकादमी, तज्ज्ञ प्रशिक्षक, निवड चाचण्या आणि उत्तम हिरवळीच्या खेळपट्ट्या मुख्यालयाच्या गावी. जिल्ह्याच्या गावी मुलगा पुष्कळदा मॅटिंगवर शिकतो. मॅटिंगवर चेंडू अधिक उसळतो आणि त्याची उसळी सारखी असते. हिरवळीवर तोच चेंडू कधी खाली राहतो, कधी शिवणीवर पडून वळतो. पंधरा-सोळाव्या वर्षी मॅटिंगवरून हिरवळीवर आलेल्या मुलाला फलंदाजी जवळजवळ नव्याने शिकावी लागते. नागपूरच्या मुलाचे हे शिक्षण तोपर्यंत होऊन गेलेले असते. गुणवत्ता सारखी असली तरी दोन वर्षांचे हे अंतर भरून काढणे सोपे नसते.

अमरावतीची गोष्ट आणखी वेगळी आहे. या शहराची क्रीडापरंपरा क्रिकेटहून जुनी आणि कदाचित अधिक अभिमानास्पद आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. मल्लखांब, कुस्ती, कबड्डी यांत शरीर घडवणे हेच उद्दिष्ट आणि तेच बक्षीस. क्रिकेटला येथे मानाचे पान उशिरा मिळाले.

असे असतानाही त्याच २०१७-१८ च्या हंगामाने वऱ्हाडला काही ठोस दिले. इंदूरच्या सामन्याच्या आसपासच १९ वर्षांखालील मुलांची कूचबिहार करंडक स्पर्धाही विदर्भाने प्रथमच जिंकली, आणि मध्य प्रदेशविरुद्धच्या अंतिम सामन्यात ३२० धावांची खेळी केली ती अकोल्याच्या अथर्व तायडेने. पाठोपाठ आदित्य ठाकरेला १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी न्यूझीलंडमध्ये असलेल्या भारतीय संघात, इशान पोरेलच्या दुखापतीमुळे, राखीव म्हणून बोलावणे आले. तो विश्वचषक भारताने जिंकला. एकाच हिवाळ्यात एकाच जिल्ह्याच्या गावातून दोन मुले राष्ट्रीय पातळीवरच्या अंतिम सामन्यांत निर्णायक कामगिरी करतात, ही बाब योगायोगाच्या खाती टाकता येत नाही. अकोल्यात मैदान होते, शिकवणारे होते आणि वयोगटाच्या संघांतून वर जाणारी शिडी आता लागलेली होती. अमरावतीत जन्मलेला यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा या संघाच्या अवतीभवती २०१४ पासून होता. रणजी विजयाच्या छायाचित्रांत तो नाही. कारण यष्टीमागची जागा वाडकरने घट्ट केली होती. जितेशने आपला मार्ग मर्यादित षटकांच्या क्रिकेटमधून काढला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझाऊ येथील आशियाई स्पर्धेत तो भारतासाठी खेळला.

या शिडीत महाविद्यालय कोठे आहे, हा प्रश्न अध्यापकवर्गाने स्वतःस विचारण्याजोगा आहे. एके काळी आंतरविद्यापीठ स्पर्धेचा रोहिंटन बारिया करंडक हा रणजी संघाचा दरवाजा होता. सुनील गावसकरांच्या पिढीतील खेळाडू विद्यापीठाच्या संघातून पुढे आले. आज निवड १६ वर्षांखालील विजय मर्चंट, १९ वर्षांखालील कूचबिहार आणि त्यापुढील सी. के. नायडू करंडक या संघटनेच्या स्पर्धांतून होते. खेळाडू महाविद्यालयात दाखल होतो तो बहुधा निवड झाल्यानंतर, आणि महाविद्यालयाशी त्याचा संबंध उपस्थितीचा पट, क्रीडागुणांची सवलत व परीक्षा अर्ज एवढाच राहतो. त्यातच हिवाळी सत्राच्या परीक्षा आणि क्रिकेटचा हंगाम नेमके एकाच वेळी येतात. सामन्यासाठी सुरत किंवा कोलकात्यास गेलेला विद्यार्थी पेपरला अनुपस्थित राहतो आणि 'अनुत्तीर्ण' या शेऱ्याखाली त्याची नोंद होते. गुरबानीसारखा एखादा अभियांत्रिकीची पदवी आणि रणजीचे बळी दोन्ही मिळवतो, पण ते उदाहरण अपवादाचे आहे. बहुतेकांना एकाची निवड करावी लागते.

ही निवड करताना घरच्यांचा हिशेब आर्थिक असतो आणि तो गैर नाही. २०१८ च्या आरंभी नियामक मंडळाच्या प्रशासकीय समितीने देशांतर्गत खेळाडूचे सामना मानधन दिवसाला १० हजारांवरून ३५ हजार रुपये केले. २०२१ मध्ये ते अनुभवानुसार ४० ते ६० हजारांपर्यंत गेले. म्हणजे आयपीएलची झगमग बाजूला ठेवली तरी पूर्ण हंगाम खेळणारा रणजीपटू आज तासिका तत्त्वावरील अध्यापकापेक्षा कितीतरी अधिक मिळवतो. मात्र संघात जागा अकरा असतात आणि अकरा जिल्ह्यांतून येणारी मुले हजारो. त्यांतील बहुसंख्य बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी या शिडीवरून खाली उतरतात. तेव्हा त्यांच्या हातात पदवी असते की नसते, हे पाहण्याची जबाबदारी क्रिकेट संघटनेइतकीच महाविद्यालयाचीही आहे. परीक्षेची एक पर्यायी तारीख ठेवणे हे मैदान बांधण्याइतके खर्चिक काम नाही.

पुढील हंगाम

विजय एकदाचा असता तर 'चमत्कार' शब्द कदाचित टिकला असता. परंतु मार्च २०१८ मध्ये जाफरच्या २८६ धावांच्या खेळीसह विदर्भाने इराणी करंडक जिंकला. फेब्रुवारी २०१९ मध्ये जामठा येथे सौराष्ट्राचा ७८ धावांनी पराभव करून रणजी करंडक राखला. त्या सामन्यात सरवटेने ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत १ आणि ० वर बाद केले. त्यानंतर काही वर्षे पिछेहाटीची गेली. पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ मध्ये त्या संघालाही त्यांनी विजेतेपद मिळवून दिले. २०२३-२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत आला, पण वानखेडेवर मुंबईकडून १६९ धावांनी हरला.

तिसरा रणजी करंडक २ मार्च २०२५ रोजी जामठ्यात आला. सामना अनिर्णित राहिला आणि केरळवरील पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीने निर्णय झाला. कर्णधार वाडकर होता, म्हणजे इंदूरला पहिले शतक करणारा तोच यष्टिरक्षक. डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे याने त्या हंगामात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला. पाहुणा खेळाडू होता करुण नायर. ईडन गार्डन्सवर विदर्भाविरुद्ध १५३ धावा करणाऱ्या या फलंदाजाने आता विदर्भासाठी ८६ आणि १३५ धावा केल्या. आणि आदित्य सरवटे या वेळी केरळकडून खेळत होता. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याने विदर्भासाठी ७९ धावा केल्या होत्या, येथे विदर्भाविरुद्धही नेमक्या ७९ केल्या. घरचा खेळाडू बाहेर जातो ही जुनी कहाणी संपलेली नाही. फरक एवढाच की आता त्याच्या जागी उभे राहायला दुसरा तयार असतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जामठ्यावरच झालेल्या इराणी करंडकाच्या सामन्यात विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवले. पहिल्या डावातील ३४२ पैकी १४३ धावा सलामीला उतरलेल्या अकोल्याच्या अथर्व तायडेच्या होत्या.